डिझेलसाठी दिलेली देणगी

युगांडाच्या उत्तर भागात, गुलू शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर, लाचोर येथे सेंट मेरीज नावाचे एक रुग्णालय आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरची काही वर्षे, दिवस मावळायला लागला की या रुग्णालयाच्या फाटकातून मुळीच आजारी नसलेली माणसे आत येऊ लागत. डोक्यावर चटईची गुंडाळी, पाठीशी कापडाने बांधलेले तान्हे मूल आणि हाताशी धरलेले दुसरे, अशा बायकांच्या रांगा लागत, आणि आवारात, व्हरांड्यात, झाडांखाली मिळेल त्या जागी ही कुटुंबे अंग टाकत. एका काळात हा आकडा रोज रात्री दहा हजारांच्या घरात गेला होता. जोसेफ कोनीची लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही बंडखोर सेना रात्री खेड्यांवर छापे घालून मुले पळवत असे आणि त्यांच्याच हाती बंदुका देत असे, त्यामुळे तिथल्या अचोली जमातीच्या आयांना रुग्णालयाची भिंत हाच काय तो आडोसा उरला होता. पहाटे ही सगळी माणसे चटया गुंडाळून आपापल्या वाटेने जात आणि आवार झाडून रुग्णालयाचे रोजचे काम सुरू होत असे.

हे रुग्णालय रुग्णांकडून मिळणाऱ्या पैशावर चालले नाही, चालणे शक्यही नव्हते. चर्चचा आधार होता, इटलीच्या सरकारची मदत होती, युगांडा सरकारचेही काही अनुदान पुढे मिळू लागले. तरीही वर्षानुवर्षे ज्या पैशाने तिथले दिवे जळत राहिले, त्यातला मोठा भाग इटली, कॅनडा आणि इतर देशांतल्या साध्यासुध्या माणसांनी दिलेला होता. यांतल्या बहुतेकांनी लाचोर कधी पाहिले नाही, पुढेही पाहण्याची शक्यता नव्हती. ही माणसे पैसे का देतात, आणि एकदा नव्हे तर वीस वीस, तीस तीस वर्षे का देत राहतात, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या उत्तरावरच दान कसे द्यावे आणि कशासाठी द्यावे याचेही उत्तर अवलंबून आहे.

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे दया. दयेचे सामर्थ्य मी कमी लेखत नाही, पण तिची मर्यादाही आता नीट तपासली गेली आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात लोकांना प्रत्येकी पाच डॉलर देऊन त्यांतले किती दान कराल असे विचारले होते. मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या भुकेल्या मुलीची माहिती ज्यांना दिली त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, तर आफ्रिकेतल्या लाखो उपाशी लोकांची आकडेवारी ज्यांना दिली त्यांनी १.१४ डॉलर दिले. मुलीच्या माहितीला तीच आकडेवारी जोडली, तेव्हा रक्कम १.४३ वर घसरली. आकड्यांनी मन हलत नाही हे आपण जाणतो, पण समोर उभ्या असलेल्या चेहऱ्यामुळे हललेले मनही आकडे थंड करतात, ही यातली खरी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. निधी गोळा करणाऱ्या संस्थांनी हे केव्हाच ओळखले आहे. म्हणून तर माशा बसलेल्या डोळ्यांच्या मुलांची छायाचित्रे आपल्यापुढे येत राहतात. त्या छायाचित्रांबद्दल मला मनापासून चीड आहे. त्यांतल्या मुलाला गाव नसते, भाषा नसते, आईबाप नसतात; असते ती केवळ भूक.

रोकियाच्या प्रयोगाने पहिल्या देणगीचा उलगडा होतो. तिसाव्या वर्षीची देणगी कुठून येते, याचा उलगडा त्याने होत नाही. दया ही उमाळ्याची गोष्ट आहे आणि उमाळा ओसरतो. धर्माज्ञा, वसाहतवादाच्या पापाची बोचणी, करसवलत ही कारणेही असतात, पण ती कोणत्याही संस्थेला देताना लागू पडतात. लाचोरलाच का, हे त्यांतून कळत नाही. माझे म्हणणे असे आहे की दीर्घकाळ देणारा माणूस रोगाकडे, दारिद्र्याकडे किंवा खंडाकडे पाहून देत नाही. तो कोण टिकून राहिले आहे हे पाहतो. आपण जिथे जाऊ शकत नाही, गेलो तरी राहू शकत नाही, तिथे कोणीतरी राहिले आहे, आणि त्याचे राहणे आपल्या पैशाने थोडे अधिक शक्य होते, या जाणिवेतून तो देतो.

लाचोरची कहाणी ही अशा राहण्याचीच कहाणी आहे. कोंबोनी या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांनी १९५९ मध्ये तिथे छोटेसे रुग्णालय उभारले होते. १९६१ मध्ये पिएरो कोर्ती हे इटालियन बालरोगतज्ज्ञ तिथे आले आणि त्यांनी माँट्रियलमध्ये ओळख झालेल्या ल्युसील टीसडेल या तरुण कॅनेडियन शल्यचिकित्सक बाईंना दोन महिन्यांसाठी मदतीला बोलावले. पगार देण्याची ऐपत नव्हती. विमानभाडे आणि सिगारेटी एवढेच त्यांनी कबूल केले होते. दोन महिन्यांचा मुक्काम पस्तीस वर्षांचा झाला. त्याच वर्षी दोघांनी रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये लग्न केले, पुढल्या वर्षी मुलगी झाली आणि युगांडाही स्वतंत्र झाला. ल्युसील सकाळी बाह्यरुग्ण तपासत आणि दुपारनंतर शस्त्रक्रिया करत. हा क्रम हुकूमशहा इदी अमीनच्या राजवटीत चालला, १९७९ च्या युद्धात चालला आणि त्यानंतरच्या यादवीतही चालला. जखमी सैनिकांच्या हाडांच्या ठिकऱ्या हातांनी काढताना त्यांना एचआयव्हीची लागण झाली. १९८५ मध्ये निदान झाले, तेव्हा फार वर्षे हाती नाहीत हे त्यांना ठाऊक होते. त्या पुढची अकरा वर्षे जगल्या आणि जमेल तितके दिवस काम करत राहिल्या. १ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर तेरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया आहेत.

कोर्तींच्या गावच्या मंडळींनी, नातलगांनी आणि मित्रांनी या दोघांकडे पाहूनच देण्यास सुरुवात केली, हे उघड आहे. आपल्या ओळखीचा डॉक्टर तिकडे आहे, तो लिहितो तेव्हा खरे लिहितो, कापूस संपला म्हणाला तर कापूस खरोखरच संपलेला असतो, हा विश्वास ही त्या देणग्यांची पायाभरणी होती. आपल्याकडेही असेच घडते. माझे वडील दर दिवाळीला विदर्भातल्या एका दवाखान्याला मनिऑर्डर करत. फॉर्मवर संदेशासाठी जी चिंचोळी जागा असे, तिथे ते केवळ ‘खर्चासाठी’ एवढाच शब्द लिहीत. तो दवाखाना त्यांनी पाहिला नव्हता, पण तो चालवणाऱ्या डॉक्टरांचे एक व्याख्यान त्यांनी ऐकले होते, आणि तो माणूस अजून तिथेच आहे एवढी चौकशी ते दरवर्षी करत.

पण इथेच एक धोका आहे. माणसाकडे पाहून दिलेले दान त्या माणसाबरोबर संपते, किंवा त्याहून वाईट म्हणजे माणसाभोवती देव्हारा उभा राहतो. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात लांबारेने येथे अल्बर्ट श्वाइत्झर या युरोपीय डॉक्टरांनी १९१३ मध्ये रुग्णालय सुरू केले. युरोपभर ऑर्गनवादनाचे कार्यक्रम करून, पुस्तकांच्या मानधनातून आणि मित्रांच्या देणग्यांतून त्यांनी ते चालवले आणि नोबेल शांतता पुरस्काराची रक्कम कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरली. त्यांचा त्याग खराच होता, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण आफ्रिकी माणूस माझा भाऊ आहे, मात्र धाकटा भाऊ, ही त्यांची दृष्टी आफ्रिकेतल्या विचारवंतांना जिव्हारी लागली आणि ते योग्यच होते. आफ्रिकी डॉक्टर तयार करणे हे त्या रुग्णालयाचे मुख्य काम कधी झाले नाही. १९६५ मध्ये श्वाइत्झर गेल्यावर ते चालवायचे कसे हा प्रश्न उभा राहिला आणि १९८१ मध्ये नवी इमारत उभी राहिली, तेव्हा कुठे त्या संस्थेला वेगळे आयुष्य मिळाले. मलेरियाच्या पहिल्या लशीच्या चाचण्या ज्या आफ्रिकी केंद्रांत झाल्या त्यांत आज लांबारेनेचे नाव आहे, हे आवर्जून सांगायला हवे.

लाचोरचे वेगळेपण कशात आहे ते मॅथ्यू लुकविया यांच्या नावाशिवाय सांगता येत नाही. किटगुमकडचा हा अचोली तरुण १९८३ मध्ये शिकाऊ डॉक्टर म्हणून लाचोरला आला. पुढे इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला उष्णकटिबंधीय बालरोगशास्त्र शिकला, तिथेच थांबण्याची संधी असताना परतला, आणि कोर्ती दांपत्याने रुग्णालयाची सूत्रे टप्प्याटप्प्याने त्याच्याकडे सोपवली. १९८९ च्या गुड फ्रायडेला बंडखोर रुग्णालयातल्या माणसांना ओलीस न्यायला आले, तेव्हा इतरांऐवजी तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला आणि आठवडाभर रानात काढून परत कामावर हजर झाला. त्याच्याच काळात रात्रीच्या वेळी फाटक उघडे ठेवले गेले, ज्याचे वर्णन सुरुवातीला केले आहे.

ऑक्टोबर २००० मध्ये डॉ. लुकविया सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी राजधानी कंपालात असताना लाचोरहून निरोप आला की माणसे विचित्र तापाने मरत आहेत आणि मरणाऱ्यांत शिकाऊ परिचारिकाही आहेत. ते तातडीने परतले, एका रात्रीत मृतांची कागदपत्रे काढून वाचत बसले आणि प्रयोगशाळेचा निकाल येण्याआधीच हा इबोला असावा अशा निष्कर्षाला आले. निकालाची वाट न पाहता त्यांनी विलगीकरणाचा वॉर्ड तयार केला आणि तिथे काम करायला स्वयंसेवक मागितले. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळेने काही दिवसांनी निदान पक्के केले. पुढच्या आठवड्यांत त्या वॉर्डात काम करणारे एकापाठोपाठ एक मरू लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस धीर सुटलेल्या शेकडो कर्मचाऱ्यांनी एकत्र जमून रुग्णालय बंद करण्याची मागणी केली. लुकविया त्यांच्याशी तासन् तास बोलले. कोणावर जबरदस्ती नव्हती, नोकरी जाईल अशी धमकी नव्हती. जो तो पायाने बाहेर पडू शकत होता. रुग्णालय चालू राहिले. एका आजारी सहकाऱ्याला वाचवण्यासाठी धावताना डोळ्यांवर आवरण घालायचे राहिले, त्यातून डॉक्टरांना स्वतःला लागण झाली असे मानले जाते. ५ डिसेंबर २००० रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. लाचोरचे एकूण तेरा कर्मचारी या साथीत मरण पावले. युगांडातल्या त्या साथीत ४२५ रुग्ण आणि २२४ मृत्यू नोंदले गेले. साथ दूर पसरली नाही याचे फार मोठे श्रेय गुलूमधल्या या माणसांना आहे.

या तेरा जणांची आठवण करून देण्यामागे माझा एक हेतू आहे. परदेशी देणगीदाराच्या मनात ‘तिकडे राहिलेला माणूस’ म्हटले की बहुधा गोरा डॉक्टर उभा राहतो, कारण त्याने काय सोडले हे देणगीदाराला मोजता येते. महिना थोडक्या पगारावर काम करणारी अचोली परिचारिका मुळात तिथलीच आहे, ती कुठे जाणार, असा एक नकळत केलेला हिशेब त्यामागे असतो. तो हिशेब साफ चुकीचा आहे. तिलाही कंपालाला जाता येते, खाजगी दवाखान्यात अधिक पैसे मिळतात, आखाती देश आणि ब्रिटन यांनाही परिचारिका हव्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालानुसार जगातल्या रोगराईच्या ओझ्यापैकी २४ टक्के ओझे आफ्रिका विभागावर होते आणि जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी अवघे ३ टक्के तिथे होते. अशा ठिकाणी जी परिचारिका टिकते ती निवड करून टिकलेली असते. लाचोरच्या परिचारिका विद्यालयाने आणि पुढे गुलू विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तिथे मिळू लागलेल्या प्रशिक्षणाने अशी माणसे घडवली, म्हणून संस्थापकांच्या पश्चात आज त्या संस्थेचे नेतृत्व युगांडाच्या डॉक्टरांकडे आहे. पिएरो कोर्तीही २००३ मध्ये गेले. ल्युसील, मॅथ्यू आणि पिएरो या तिघांच्या कबरी रुग्णालयाच्या आवारातच आहेत.

आता पैशाकडे वळू, कारण देणाऱ्यांची सदिच्छा सर्वांत जास्त इथेच वाया जाते. देणगीदाराला इमारत आवडते, यंत्र आवडते, कोनशिला आवडते. माझ्या माहितीतल्या एका ग्रामीण रुग्णालयाला मोठ्या समारंभाने एक सोनोग्राफी यंत्र भेट मिळाले होते. ते चालवणारा तज्ज्ञ नव्हता, विजेचा दाब खालीवर होत असे, आणि दुरुस्तीचा करार कोणी केलाच नव्हता. दोन-तीन वर्षांनी मी गेलो तेव्हा त्यावर प्लास्टिकचे आवरण होते आणि आवरणावर धूळ. हे केवळ एका ठिकाणचे दुर्दैव नव्हे. गरीब देशांतल्या वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासणाऱ्या २०११ मधल्या एका अभ्यासात जवळजवळ ४० टक्के उपकरणे बंद पडलेली आढळली. औषधांच्या देणग्यांचीही तीच गत होती. मुदत संपत आलेली औषधे पाठवली जात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला १९९६ मध्ये नियमच करावे लागले की पोचताना औषधाची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी.

आता लाचोरसारख्या रुग्णालयात पावसाळ्यातल्या रात्री काय घडते ते पाहू. मलेरियाने ग्रासलेले तीन वर्षांचे मूल रात्री दोन वाजता येते. श्वास भरभर चालला आहे, तळहात आणि पापण्यांच्या आतली बाजू पांढरीफटक पडली आहे, मूल हाकेला डोळे उघडत नाही. प्रयोगशाळेतला माणूस बोटाचा थेंब घेऊन रक्ताचे प्रमाण पाहतो आणि काचपट्टीवर परजीवी शोधतो. रक्तपेढीच्या फ्रिजमधली पिशवी काढून गट जुळवला जातो. तो फ्रिज चालू असतो, कारण वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला आहे आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे. परिचारिका आर्टेसुनेट या मलेरियावरच्या औषधाच्या कुपीतली पूड आधी सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावात विरघळवते, मग सलाईनमध्ये पातळ करते, वजनाच्या हिशेबाने सुईत भरते आणि कुपीतले उरलेले टाकून देते, कारण ते ठेवता येत नाही. नऊ आफ्रिकी देशांतल्या पाच हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या क्विनाइनवर १०.९ टक्के मुले दगावली होती, आर्टेसुनेटवर ८.५ टक्के. ही तफावत कागदावर बारीक दिसते, पण तिचा लाभ मिळायचा तर ही पूड, हा द्राव, ही सुई आणि हिशेब येणारी ही बाई रात्री दोन वाजता एका खोलीत हजर असली पाहिजे. पहाटेपर्यंत मूल पाणी मागते. आई खाटेखाली पसरलेल्या चटईवर टेकते आणि दिवस उजाडल्यावर आवारातल्या चुलीवर पेज शिजवायला जाते.

या रात्रीत देणगीदाराच्या नावाची पाटी लावण्याजोगे काहीही नाही. डिझेलवर नाव कोरता येत नाही, प्रयोगशाळेतल्या माणसाच्या रात्रपाळीच्या पगारावर नाही, फेकून दिलेल्या सुईवरही नाही. आणि तरीही मूल वाचले ते याच गोष्टींमुळे. म्हणून ग्रामीण रुग्णालयाला द्यायचे ते रोजच्या खर्चासाठी, कोणत्याही अटीशिवाय द्यावे, असे माझे ठाम मत आहे. प्रकल्पाला बांधलेला पैसा रुग्णालयाला एका आजाराच्या दिशेने ओढतो. एचआयव्हीच्या खोलीत नवे संगणक येतात आणि शेजारच्या बाळंतपणाच्या खोलीत हातमोजे नसतात, हे दृश्य आफ्रिकेत काम केलेल्या डॉक्टरांना नवे नाही. इटलीत १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कोर्ती प्रतिष्ठानाने पुढे लाचोरच्या चालू खर्चाचा भार उचलण्यावर जोर दिला, त्यात मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे शहाणपण दिसते. इमारत देणाऱ्याचे कौतुक होते. पगार देणाऱ्याला दरवर्षी तोच पगार पुन्हा द्यावा लागतो आणि दाखवायला नवे काही नसते.

यावर पहिला आक्षेप असा की आरोग्य हे सरकारचे काम आहे आणि देणग्यांनी सरकार सुस्त होते. आक्षेप गंभीर आहे. एप्रिल २००१ मध्ये नायजेरियाची राजधानी अबुजा येथे आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्याला देण्याचे वचन दिले होते, आणि बहुतेक देशांनी ते पाळलेले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये युगांडाने सरकारी दवाखान्यांतले शुल्क रद्द केले. गरिबांची पावले लगेच दवाखान्यांकडे वळली, ही मोठीच गोष्ट झाली. पण औषधांचा साठा त्या प्रमाणात वाढला नाही, तेव्हा चिठ्ठी हातात देऊन ‘बाहेरून आणा’ सांगण्याची पाळी आली. ही चिठ्ठी महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. हातावर पोट असलेल्या गरिबांवर आजारपणातल्या खर्चाचा बोजा त्यामुळे हटला नाही, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. लाचोरने दुसरी वाट धरली. थोडे पण ठरलेले शुल्क घ्यायचे, त्यातच तपासणी, औषध सगळे आले, आणि लहान मुलांसाठी व गरोदर बायकांसाठी ते आणखी कमी. घरून निघतानाच आईला कळते की किती लागतील. आत गेल्यावर नवी चिठ्ठी मिळत नाही. ठरलेल्या शुल्कात आणि प्रत्यक्ष खर्चात जी दरी राहते ती देणगीदार भरतात. सरकारने ती भरावी यासाठी युगांडाच्या नागरिकांनी झगडले पाहिजे आणि ते झगडतही आहेत. पण त्या झगड्याचा निकाल लागेपर्यंत रात्री दोन वाजता आलेल्या मुलाला थांबा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडे हमखास ऐकू येतो: आपल्या घरचे गरीब काय कमी आहेत? याला मी एका प्रत्यक्ष घटनेने उत्तर देईन. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया गोंडांमध्ये काम सुरू केले, तेव्हा तिथले पहिले छोटे रुग्णालय उभे राहिले ते स्विसएड या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेच्या मदतीने. ज्या स्विस माणसांनी त्यात पैसे घातले त्यांनी पर्लकोटा नदीचे नावही ऐकले नसणार. त्या वेळी त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या दरीतल्या गरिबांचे आधी पाहू म्हटले असते, तर अस्वलाने फाडलेला, मलेरियाने फणफणलेला माडिया माणूस कुठे गेला असता? आपण दूरच्या माणसांचे घेतले आहे. घेणाऱ्याने पुढे देणारा व्हावे, यात परोपकाराचा मोठेपणा नाही, व्यवहाराची सरळ रीत आहे. आणि युगांडा आपल्याला तितका परकाही नाही. १९७२ मध्ये अमीनने नव्वद दिवसांच्या मुदतीत हाकललेल्या आशियाई लोकांमध्ये गुजराती होते तसे गोवेकरही होते, आणि गोव्यातल्या कित्येक घरांत एंटेबे आणि कंपाला ही नावे आजही घरगुती आहेत. देणे-घेणे एका दिशेचेच असते असेही नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि घरोघर जाऊन बाळे तपासण्याची ती पद्धत पुढे आफ्रिकी देशांपर्यंत पोचली.

परावलंबनाचा आक्षेप मात्र मला अधिक सतावतो, आणि २०२५ नंतर तो झटकून टाकता येणार नाही. त्या वर्षी २० जानेवारीला अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली आणि जुलैच्या पहिल्या तारखेपासून अमेरिकेची मदतसंस्था कामकाजातून बाद झाली. युगांडासह कित्येक देशांत एचआयव्हीच्या दवाखान्यांतले कर्मचारी रातोरात घरी बसले. एका सहीने जे गेले ते वर्षानुवर्षांच्या कामाने उभे राहिले होते. परावलंबन वाईट म्हणताना कोणावरचे परावलंबन, हेही पाहिले पाहिजे असे मला यातून वाटते. एका मोठ्या दात्यावर टेकलेले रुग्णालय त्याच्या राजकारणावर टेकलेले असते. हजारो लहान दात्यांवर टेकलेल्या रुग्णालयात दरवर्षी काही दाते गळतात, काही मरतात, काही नवे येतात, पण सगळे एका सकाळी उठून सही करत नाहीत. म्हणून मिलानजवळच्या गावातल्या निवृत्त शिक्षिकेचे वर्षाला पन्नास युरो हे रुग्णालयाच्या हिशेबात आकड्यात दिसतात त्याहून मोठे असतात. त्या पैशावर पुढच्या वर्षीचा पगार कबूल करता येतो.

आणि पगार कबूल करता येणे हीच आता कळीची बाब आहे. २०२२ मध्ये युगांडा सरकारने सरकारी डॉक्टरांचे वेतन मोठ्या प्रमाणात वाढवले. देशासाठी ती चांगलीच गोष्ट झाली, पण मिशनची आणि विश्वस्त संस्थांची रुग्णालये त्यामुळे पेचात सापडली. तेवढे वेतन दिले नाही तर घडवलेली माणसे जातात, दिले तर रुग्णांचे शुल्क वाढवावे लागते. ल्युसील टीसडेल विमानभाडे आणि सिगारेटींवर आल्या, त्यावर रुग्णालय कायमचे चालावे अशी अपेक्षा करणे हा अन्याय आहे. गुलूच्या परिचारिकेलाही मुलांच्या शाळेची फी भरायची असते, आईवडिलांच्या घरावर पत्रा घालायचा असतो. तिच्याकडून त्यागाची अपेक्षा धरण्याचा अधिकार पुण्यात किंवा मिलानमध्ये बसलेल्या देणगीदाराला नाही. तिच्यावर तो त्याग लादला जाऊ नये एवढे मात्र त्याला करता येते. देणगी देताना छायाचित्र मागू नये, मुलाचे नाव मागू नये, नावाची पाटी मागू नये. गेल्या वर्षी किती परिचारिका सोडून गेल्या आणि किती टिकल्या, एवढे विचारावे, आणि उत्तर खरे आले तर पुढच्या वर्षाची रक्कम आत्ताच कळवून ठेवावी.